आधी वही, मग काडी: स्वस्तातली चावीची घड्याळं वेळेवर आणताना

चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढे पळत असेल, तर ते बिघडलंय असं समजू नका. सिकोचं एनएच३५ किंवा मियोटाचं ८२१५ ही आज स्वस्त घड्याळांत सर्रास सापडणारी मशिनं. दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे, एवढी सूट कंपन्यांनी त्यांच्या माहितीपत्रकातच घेऊन ठेवली आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यातले वीस म्हणजे एक टक्क्याचा चाळिसावा भागसुद्धा नाही. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या महागड्या मशिनांनाही सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी मोकळीक असते.

तरीही साधं, जुनं, हजार-पाच हजारांचं घड्याळ घरच्या टेबलावर दोन-चार सेकंदांपर्यंत आणता येतं. ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५ एवढ्या काळात, नोकरी सांभाळून, रविवारी आणि रात्री जेवणं उरकल्यावर मी ते शिकले. मागचं झाकण उघडायची भीती वाटून जे थांबलेत त्यांच्यासाठी घडलं तसं लिहिते. काम नाजूक आहे, पण त्यातला नाजूक भाग फार थोडा वेळ चालतो. बाकी सगळी नोंद ठेवण्याची हमाली.

माझ्याकडे दोन घड्याळं होती. एक सिको फाइव्ह, ७एस२६ मशीनचं, बरीच वर्षं वापरातलं. दुसरं सासऱ्यांचं एचएमटी जनता, सतरा ज्वेलचं, रोज चावी द्यावी लागणारं. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. आमच्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या मनगटावर त्याच कारखान्यातलं काहीतरी असायचं. अप्पांचं जनता कपाटात पडून होतं. मी मागितलं तेव्हा ते म्हणाले, “घे, पण सातच्या बातम्यांना लावत जा. आम्ही तसंच लावायचो.”

सुरुवात तिथूनच झाली, म्हणजे कशाला लावायचं यापासून. मुलुंड स्टेशनवरचं घड्याळ, ऑफिसातलं भिंतीवरचं, मोबाइल आणि टीव्ही या चौघांचं एकमेकांशी सेकंदाच्या हिशेबात पटत नाही. मोबाइलची वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवून मी ती इंटरनेटवरच्या अचूक वेळेशी ताडून पाहिली. एका सेकंदाच्या आतच होती, म्हणून मोबाइल प्रमाण मानला. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते. आणि गंमत बघा, हे शहर त्या प्रमाणवेळेला कित्येक वर्षं दाद देत नव्हतं. १९०६ साली देशभर एक वेळ लागू झाली, तरी मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू ठेवला होता, प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. त्याच मुंबईत बसून मी तीन सेकंदांसाठी डोळे फोडत होते.

ऑगस्टभर झाकणाला हात लावला नाही. रोज सकाळी सातला जनताला पूर्ण चावी द्यायची, दोन्ही घड्याळं मोबाइलशेजारी ठेवून फोटो काढायचा, फरक वहीत लिहायचा. फोटो यासाठी की डोळ्याने बघून लिहिलं तर एक-दोन सेकंद सहज इकडचे तिकडे होतात. सिकोचा सेकंदकाटा चावी बाहेर ओढली तरी थांबत नाही, त्यामुळे अगदी शून्यावर लावायच्या फंदात पडू नका. आज बारा सेकंद पुढे होतं, उद्या एकवीस झालं, म्हणजे दिवसाचे नऊ. हवा तो वजाबाकीचा आकडा. लागलेलं घड्याळ नको.

दोन आठवड्यांत दोन गोष्टी कळल्या. जनताचा भरवसा नव्हता, एक दिवस वीस सेकंद पुढे तर दुसऱ्या दिवशी सत्तर. सिको मात्र शिस्तीचं निघालं. सोमवार ते शनिवार दिवसाला आठ-दहा सेकंद पुढे, आणि रविवारी पंधरा-सोळा. दर रविवारी.

मला वाटलं, लोकलचा संबंध असणार. मुलुंड ते सीएसएमटी उभ्याने जायचं, डाव्या हाताने कडी धरायची, म्हणजे घड्याळाची चावी आकाशाकडे. ऑफिसात चालताना हात खाली, म्हणजे चावी जमिनीकडे. की-बोर्डवर हात असला की डायल वर. घड्याळ जसं धरावं तसा त्याचा वेग बदलतो. आडवं असताना बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ पाळणाऱ्या चाकाचा, आस एका टोकावर टेकून फिरतो, घर्षण कमी. उभं केलं की तोच आस दोन्ही बाजूंच्या दगडांवर (ज्वेलवर) आडवा टेकतो, घर्षण वाढतं आणि चाकाचा झोका कमी होतो. शिवाय चाकाचं वजन एखाद्या बाजूला किंचित जड असेल तर उभ्या स्थितीत ते जाणवतं. आडव्यात जाणवत नाही.

हे पडताळायला यंत्र लागत नाही. रात्री अकराला नोंद, सकाळी सातला नोंद, आठ तासांचा फरक गुणिले तीन. एका रात्री डायल वर, एका रात्री डायल खाली, एकदा चावी वर, एकदा चावी खाली. आकडे साधारण असे आले: डायल वर सतरा पुढे, डायल खाली एकवीस पुढे, चावी खाली तीन पुढे, चावी वर मात्र आठ मागे. एकाच घड्याळाचे चार स्वभाव. मग हिशेब केला तर कडी धरण्याचा वाटा दिवसाला जेमतेम दीड सेकंद निघाला. रविवारच्या वाढीव सेकंदांचं खरं कारण साधं होतं: रविवारी मी घड्याळ काढून ठेवते आणि ते दिवसभर टेबलावर पाठीवर पडून असतं.

हे आधी समजून घेणं फार गरजेचं आहे. बरेच लोक वेग मोजायच्या यंत्रावर डायल वर ठेवून शून्य आणतात, खूश होतात, आणि मग घातल्यावर घड्याळ दहा सेकंद मागे का पडतं म्हणून कपाळाला हात लावतात. माझ्या घड्याळाचा डायल-वर आकडा शून्य करणं ही चूक ठरली असती. मला हवं होतं ते डायल वर ठेवल्यावर दहा पुढे जाणारं सिको, म्हणजे माझ्या वापरात ते दोनच पुढे राहील. वहीशिवाय हे उत्तर निघत नाही.

सप्टेंबरमध्ये, गणपती गेल्यावर, घड्याळाचा आवाज ऐकायच्या मागे लागले. जनता तासाला १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच. सिको २१,६००, सेकंदाला सहा. हे ठोके माइकने टिपून त्यावरून वेग काढणारी मोबाइल ॲप्स आहेत, संगणकावर चालणारे फुकटचे प्रोग्रॅमही आहेत. अडचण मुंबईची. पंखा, कुकर, समोरच्या इमारतीचं पायलिंग. शेवटी जागा सापडली कपाटात. वायरवाल्या इयरफोनचा माइक घड्याळाच्या पाठीला चिकटपट्टीने लावायचा, दोन्ही गोष्टी जाड सुती साड्यांच्या घडीत सरकवायच्या, दार लावायचं, फटीतून वायर बाहेर. रात्री साडेअकरानंतर आलेख बऱ्यापैकी स्वच्छ यायचा. ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. वेगाचा आकडा ॲप ठीक देतं.

लॅमिंग्टन रोडवरून वीस रुपयांची पिएझो चकतीही आणली आणि वायर जोडून घेतली. माइकपेक्षा तिचा एक फायदा: ती हवेतला आवाज कमी आणि धातूतला ठोका जास्त पकडते. पण सिग्नल फार दुबळा. मधे छोटा ॲम्प्लिफायर लागतो. ते शेपूट वाढत जाणार असं दिसलं तेव्हा मी तो नाद सोडला.

जनताचा आलेख मात्र सरळ रेघ नव्हताच, ठिपक्यांचा पाऊस होता. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे घेऊन गेले. माझी वही त्यांनी दोन पानं चाळली, झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून अर्धा मिनिट पाहिलं. “ताई, हे सुकलंय. आधी तेल, मग काटा. सुकलेल्या मशीनला पुढे-मागे करून काय होणार? आज लावाल, आठवड्याने परत बोंब.” काटा म्हणजे वेग कमी-जास्त करायची आतली बारीक लिव्हर, रेग्युलेटर.

सर्व्हिसिंगचे ६५० रुपये सांगितले, आठवड्याने बोलावलं. आठवड्याने गेले तेव्हा सुटे भाग एका डबीत आणि काका नवरात्रात गावाला. दसऱ्यानंतर घड्याळ हातात पडलं. सगळं खोलून, धुऊन, तेल घालून. बालकमानही (चाकाला झुलवणारी केसासारखी बारीक कमान) त्यांनी सरळ केली होती, शिवाय टिक ते टॉक आणि टॉक ते टिक ही अंतरं जवळपास सारखी करून दिली होती. जुन्या घड्याळांत बालकमानीचं टोक ज्यात अडकवलेलं असतं तो स्टड बहुधा जागेवरून हलत नाही. मग हे अंतर सुधारायला चाक काढून कमान फिरवावी लागते. ते काम आपलं नव्हे. कुठलंही जुनं घड्याळ हाती आलं तर आधी कारागीर, मग छंद. पैसे वाचवायची ही जागा नाही.

आता यंत्र. टाइमग्राफर म्हणतात त्याला. चिनी बनावटीचं वेईशीचं १००० नंबरचं मॉडेल हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. पकडीत घड्याळ बसवायचं, छोट्या पडद्यावर चार गोष्टी दिसतात: दिवसाचा फरक सेकंदांत, चाकाचा झोका अंशांत, टिक-टॉकमधली तफावत मिलिसेकंदांत, आणि ठोक्यांची गती. मी ११ नोव्हेंबरला परदेशी साइटवरून मागवलं. यंत्र आणि पाठवणी मिळून १२,७०० रुपये.

२३ तारखेला कुरियर कंपनीचा मेसेज आला: पार्सल कस्टम्सकडे, केवायसी भरा. भरलं. दोन दिवसांनी परत आलं, कारण ऑर्डर माझ्या कार्डावरच्या माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने. विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत जोडली. मग विचारणा झाली की वस्तू नेमकी काय आहे, घड्याळ की वैद्यकीय उपकरण? तेही लिहून दिलं. मग फोन आला, “मॅडम, यात माइक लिहिलाय, वायरलेस आहे का?” वायरलेस निघालं तर वेगळा परवाना लागतो म्हणे. साध्या कागदावर लिहून, सही करून, स्कॅन करून पाठवलं: सदर यंत्रात ब्लूटूथ, वायफाय काहीही नाही, माइक वायरने जोडलेला आहे, वापर वैयक्तिक, विक्रीसाठी नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुटलं. ड्युटी ५,३४० रुपये, म्हणजे किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या वर, आणि वर कुरियरचा आपला आकार.

मागवणार असाल तर तीन गोष्टी पहिल्या दिवशीच एका फोल्डरमध्ये ठेवा: बिल, पैसे गेल्याचा बँकेचा पुरावा, आणि त्या वस्तूच्या पानाचा फोटो ज्यात तिचं काम आणि वायर दोन्ही दिसतात. आणि नाव आधारवर आहे तसंच घाला, आद्याक्षरंसुद्धा. पार्सल अडकलं की रोज फोन करून काही होत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी, एकाच ईमेलमध्ये, सगळ्या कागदांसकट दिलं की होतं.

यंत्र लावल्यावर पहिलं काम लिफ्ट अँगल नावाचा आकडा भरणं. तो प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. ७एस२६ चा ५३, मियोटा ८२१५ चा ४९. यंत्र आपणहून ५२ धरून चालतं. हा आकडा चुकला तर फक्त झोक्याचे अंश चुकीचे दिसतात, वेगाला धक्का लागत नाही, त्यामुळे माहीत नसेल तर डोकं धरून बसू नका. जनता पूर्ण चावी दिल्यावर २६५ अंशांवर झुलत होतं, काकांच्या कामाची पावतीच ती. पूर्ण भरलेल्या घड्याळाचा आडव्या स्थितीतला झोका दोनशेच्या खाली असेल तर वेग सुधारायच्या भानगडीत न पडता सर्व्हिसिंगला द्या.

हत्यारं घ्यायला जानेवारीत अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या या बाजूला घड्याळांचे घाऊक दुकानदार, सुटे भाग, काचा, पट्टे, सगळं गल्लोगल्ली. शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते, सकाळी अकराच्या सुमारास जावं. दुकानदाराने आधी विचारलं, “दुकान कहाँ है आपका?” दुकान नाही म्हटल्यावर जरा चकित होऊन माझ्याकडे पाहिलं, पण माल चोख दिला. फिरकीचं झाकण उघडायचा तीन पायांचा ओपनर, दाबून बसवलेल्या झाकणासाठी बोथट पातं, डोळ्याला लावायचं भिंग, बिनचुंबकी चिमटा, हवेचा रबरी फुगा, बोटांच्या टोप्या. सगळे मिळून नऊशेच्या आत. “लकडी का स्टिक भी रखो, लोहा मत लगाना बाल कमानी के पास,” असं त्याने स्वतःहून सांगितलं आणि वीस रुपयांत काड्यांची जुडी दिली. पूर्ण खरेदीतली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

सराव सिकोवर करायचा नव्हता. त्यासाठी एका शुक्रवारी सकाळी चोरबाजारात गेले आणि सातशे रुपयांना एक एचएमटी पायलट उचललं. काळी डायल नव्याने रंगवलेली, आकडे जरा जाडच, काटे दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाचे. जगभरचे घड्याळवेडे असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात. इथल्या कारागिरांनी तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलं, याचं मला उलट कौतुक वाटतं. फक्त ते अस्सल म्हणून विकू नये. यंत्रावर त्याची रेघ भुईनळ्यासारखी उडाली. पण झाकण उघडणं, भिंगातून बघत हात स्थिर ठेवणं, लिव्हर कुठली ते ओळखणं, हे सगळं त्याच्यावर शिकता आलं. हात थरथरतो तो श्वास धरून ठेवल्याने. मनगट टेबलाला टेकवा आणि श्वास सोडताना हलवा.

सिकोवर काम झालं जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. घड्याळ आदल्या दिवशी दिवसभर घातलं होतं म्हणजे कमान भरलेली, कारण ७एस२६ ला हाताने चावी देता येत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, टेबलावर पांढरा कागद. झाकण फिरवून काढलं, फुग्याने हवा मारली, रोटर (हात हलला की फिरून कमान भरणारं वजन) काडीने बाजूला सरकवला. खाली बॅलन्स व्हील झुलताना दिसलं. वर दोन बारीक लिव्हर. एक रेग्युलेटरची, तिच्याशेजारी पुढे-मागे जायच्या खुणा. दुसरी स्टडची, जिच्याने टिक-टॉकची तफावत बदलते. दोन्ही बदलायच्या असतील तर स्टड आधी, कारण तो हलला की वेगही हलतो. माझी तफावत ०.९ मिलिसेकंद होती. एकच्या आत आहे तर राहू दे म्हणून स्टडला हात लावला नाही.

रेग्युलेटरला काडीचं टोक लावलं आणि मागच्या खुणेकडे ढकललं. भिंगातून काहीच हललेलं दिसलं नाही. पडद्यावर मात्र रेघ, जी डावीकडून उजवीकडे चढत होती, वाकून खाली उतरायला लागली. अधिक १७ चे उणे २४. केसाच्या जाडीइतकंही सरकलं नसेल. उलट बाजूने काडी नुसती टेकवली, जोर न देता. उणे ६. परत टेकवली. अधिक २८. इथे ढकलण्याचा विचार सोडावा लागतो. काडी लिव्हरला लावून ठेवायची, दाब हळूहळू वाढवत न्यायचा, आणि रेघ हलली की त्याच क्षणी उचलायची. असं पुढे-मागे होत अधिक १० वर आलं तेव्हा हात बाजूला घेतला. ९ होतं की ११ या वादात शिरायचं नाही. वीस मिनिटं तसंच चालू दिलं, मग सगळ्या स्थिती परत मोजल्या: डायल वर दहा पुढे, डायल खाली चौदा पुढे, चावी खाली चार मागे, चावी वर पंधरा मागे. सगळे आकडे सारख्याच अंतराने खाली आले होते. लिव्हर एवढंच करू शकते. वेगवेगळ्या स्थितींमधली दरी तिच्याने भरत नाही. त्यासाठी चाकाचा तोल सुधारावा लागतो, आणि त्या वाटेला मी जाणार नाही.

झाकण लावण्याआधी त्याच्या रबरी रिंगवर धूळ किंवा केस नाही हे बघा. मग पुन्हा वही. कामाच्या दिवशी दोन सेकंद पुढे, रविवारी आठ-नऊ. रविवारचं उत्तरही वहीतच होतं: रविवारी रात्री घड्याळ चावी वर करून उभं ठेवते, सकाळपर्यंत पाच सेकंद परत मिळतात.

फेब्रुवारीत एका सकाळी सिको एकदम दीड मिनिट पुढे. झोका ठीक, रेघ सरळ, पण चढण भिंतीसारखी. मोबाइलचं होकायंत्र उघडून घड्याळ त्याच्याजवळ फिरवलं तर सुई डोलायला लागली. म्हणजे घड्याळात चुंबकत्व शिरलं होतं. बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटू लागले की तिची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पळत सुटतं. पर्सची बटणं, मोबाइलच्या कव्हरची झडप, स्पीकर, कशानेही होऊ शकतं. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच साडेचारशेला निळी डबी मिळते. घड्याळ तिच्यावर ठेवून बटण दाबायचं, बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचं, मग बटण सोडायचं. आधी सोडलं तर उलट आणखी चुंबकत्व बसतं. दोन फेऱ्यांत घड्याळ जागेवर आलं. त्यामुळे घड्याळ अचानक पळायला लागलं तर लिव्हरच्या आधी होकायंत्र.

जनताचं काम मार्चमध्ये, होळीनंतर, अर्ध्या तासात झालं. हात बसला होता. चावीच्या घड्याळाचा वेग पूर्ण भरल्यावर आणि चोवीस तासांनी सारखा नसतो, म्हणून दोन्ही वेळा मोजून मधला आकडा धरला. आता ते रोज सकाळी सातला चावी दिली तर दिवसाला चार सेकंदांच्या आसपास पुढे जातं. पाडव्याला अप्पांना परत दिलं. त्यांनी सातच्या बातम्यांना लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, “पूर्वी एवढं बरोबर चालत नव्हतं. काय बदललंस?” काही बदललं नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. चावी मात्र ते आता सातलाच देतात.

खर्चाचा मोठा भाग यंत्राचा, ड्युटीसकट अठरा हजार. ते दोन घड्याळांसाठी अजिबात परवडणारं नाही. सोसायटीतल्या, ऑफिसातल्या लोकांची घड्याळं मोजून देते म्हणून मी मनाची समजूत घातली आहे. फक्त मोजून देते, उघडत नाही. दुसऱ्याच्या घड्याळाची जोखीम आपण घेऊ नये. ज्यांना एकच घड्याळ लावायचं आहे त्यांनी वही, ॲप, नऊशेची हत्यारं आणि साड्यांचं कपाट एवढ्यावर भागवावं. वेळ जास्त लागेल, निकाल तोच येईल.

पायलट काकांना दाखवलं. त्यांच्या मते आत निदान तीन घड्याळांचे भाग आहेत. सर्व्हिसिंगचे आठशे सांगितले, घड्याळ सातशेचं. ते सरावालाच राहू दिलंय. आणि आता एप्रिल-मेमध्ये जे काही उघडायचं ते उघडून घ्या. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत झाकण काढू नका. काढावंच लागलं तर एसी लावलेल्या खोलीत, आणि लावायच्या आधी घड्याळ तासभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. नाहीतर काचेच्या आतून वाफ धरते आणि ती घालवायला परत काकांकडेच जावं लागतं.